तारा, मीरा, माया की नील, किरण, समीर? दोन जगांत चालणाऱ्या नावांचा तुलनात्मक आढावा

आई-वडील डब्लिन, म्यूनिक किंवा माद्रिदला नोकरीनिमित्त राहतात, आजी-आजोबा साताऱ्यात किंवा मडगावात असतात आणि बाळाचे नाव ‘इथेही चालेल आणि तिथेही चालेल’ असे हवे असते. अशा घरांत होणारी चर्चा बहुधा त्याच पाच-सात नावांभोवती फिरते, कारण आखूड, जोडाक्षर नसलेली आणि स्वरान्त किंवा सोप्या व्यंजनाने संपणारी नावे मुळात थोडीच आहेत. महाजालावरच्या याद्या अशा प्रत्येक नावापुढे एकेक गोड अर्थ लिहून मोकळ्या होतात. तो अर्थ कोणत्या भाषेतला, त्याला आधार कोणता आणि तेच अक्षरसमूह परक्या गावी आणखी काय सांगतात, हे त्या सांगत नाहीत. पुढील तुलना त्यासाठी आहे. माझे मत आधीच नोंदवतो: दोन संस्कृतींत सारखे ऐकू येणारे नाव बहुतेक वेळा एका कुळातले नसते, आणि निवड करताना नावाच्या अर्थाइतकेच त्याच्या उच्चाराला व स्थानिक भाषेतील शेजाऱ्यांना महत्त्व द्यावे लागते.

मुलींच्या नावांत खरी चुरस तारा आणि मीरा यांच्यात असते, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू. तारा या नावाइतकी भरभक्कम वंशावळ फार थोड्या नावांना आहे. वालीची पत्नी तारा पंचकन्यांमध्ये गणली जाते, बृहस्पतीची पत्नीही तारा, दशमहाविद्यांतली एक तारा, आणि बौद्ध परंपरेतील तारा म्हणजे ‘तारून नेणारी’, जिला तिबेटी लोक डोल्मा म्हणतात. म्हणजे संस्कृतातच या नावाला नक्षत्र आणि तारणारी असे दोन अर्थ आहेत. मराठी घराला मात्र यातले काहीही आठवण्याआधी महाराणी ताराबाई आठवतात. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर औरंगजेबाविरुद्धचा लढा चालू ठेवणाऱ्या त्या राणीमुळे हे नाव आपल्याकडे केवळ नाजूक राहिलेले नाही. आयर्लंडमध्ये मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे. तेथील पुराणपरंपरेनुसार ती थोरल्या राजांची गादी होती आणि इंग्रजी बोलणाऱ्या जगात तारा हे मुलीचे नाव मुख्यतः त्या टेकडीवरून आले. मूळ आयरिश रूप वेगळेच आहे आणि संस्कृत ताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट, कानाला अगदी वेगळी वाटणारी नावे ताऱ्याची सख्खी नातेवाईक आहेत: फारसी सितारा, लॅटिन स्टेला, स्पॅनिश एस्त्रेया ही सगळी एकाच प्राचीन धातूची पिले आहेत. बायबलमधील एस्तेर या नावाचा संबंधही अनेक अभ्यासक फारसी सिताराशी लावतात, तर काही जण बॅबिलोनी इश्तार देवतेशी. तेव्हा आयरिश मैत्रिणीला ‘आपल्या दोघींचे नाव एकच’ असे सांगताना ते ध्वनीपुरतेच खरे आहे, हे मनात ठेवावे.

ताराच्या वाटेत दोन अडथळे आहेत. पहिला उच्चाराचा. इंग्रजीत आपला दन्त्य, म्हणजे जीभ दातांना टेकवून उच्चारायचा, त नाही, त्यामुळे लंडन किंवा शिकागोच्या शाळेत ती टारा किंवा टॅरा होते, आणि सुटीत गावी आलेली नात स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागली की आजीच्या कपाळाला आठी पडते. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि रशियन भाषांत त दन्त्यच असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. पण नेमका तिथेच दुसरा अडथळा आहे. स्पॅनिशमध्ये ‘तारा’ म्हणजे वस्तूतला दोष, खोट. शिवाय वजनातून वजा करायच्या रिकाम्या भांड्याच्या वजनालाही तोच शब्द. इटालियनमध्येही हे दोन्ही अर्थ आहेत, आणि फ्रेंचमध्ये त्याच कुळातला शब्द व्यंगासाठी वापरतात. माद्रिदमध्ये वाढणाऱ्या मुलीसाठी मी हे नाव सुचवणार नाही. वर्गातल्या मुलांना असा शब्द सापडायला फार वेळ लागत नाही.

मीरा या बाबतीत पुष्कळ सुदैवी आहे. म, ई, र, आ हे चारही ध्वनी बहुतेक भाषांत आहेत. र चा उच्चार फ्रेंच माणूस घशातून आणि इंग्रज जीभ मागे वळवून करील, एवढाच फरक. आपल्याकडे या नावाचा सगळा जीव १६ व्या शतकातील मेडत्याच्या मीराबाईत आहे. गंमत अशी, की खुद्द या नावाची व्युत्पत्ती अभ्यासकांत वादाची आहे. काही जण ती संस्कृतात शोधतात, तर काही जण अरबी-फारसी ‘मीर’ या शब्दाकडे बोट दाखवतात. नावाचा अर्थ ‘कृष्णभक्त’ असे जे याद्यांत छापले जाते, तो अर्थ शब्दाचा नाही, व्यक्तीचा आहे. युरोपात मात्र या नावाला दोन स्वतंत्र आणि स्वच्छ मुळे आहेत. स्लाव भाषांत ‘मिर’ म्हणजे शांती आणि जगही. व्लादिमिर, मिरोस्लाव यांतला तोच घटक, आणि मिरा हे त्यांच्या मुलींसाठीचे आखूड रूप. लॅटिनमध्ये ‘मिरा’ म्हणजे आश्चर्यकारक. तिमिंगल तारकासमूहातला एक तारा सुमारे ११ महिन्यांच्या चक्रात कधी नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि कधी दिसेनासा होतो. १६६२ मध्ये हेव्हेलियस या खगोलवेत्त्याने त्याला मीरा म्हटले ते याच अर्थाने. स्पॅनिशमध्ये ‘मिरा’ म्हणजे ‘बघ!’, त्यामुळे तिथल्या बाजारात मुलीला दिवसातून अनेकदा उगाच हाक मारल्यासारखे वाटेल. पण ही अडचण खोडकर आहे, बोचरी नाही. आणि हे नाव उलट दिशेनेही चालते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे: १९२५ मध्ये भारतात आलेल्या मॅडलिन स्लेड या ब्रिटिश नौसेनाधिकाऱ्याच्या मुलीला गांधीजींनी मीराबेन हे नाव दिले आणि ते शेवटपर्यंत तिला शोभले.

मायाचा विचार थोडक्यात उरकता येईल. परदेशात हे नाव अतिशय चालते: हिब्रूत त्याचा संबंध ‘पाणी’ या अर्थाच्या शब्दाशी लावतात, ग्रीक पुराणात मैया ही देवांचा दूत हर्मिस याची आई, आणि उत्तर व मध्य युरोपात ते मारियाचे लाडके रूपही असते. मध्य अमेरिकेतील माया ही जमात वेगळी. तिचा या कोणाशी संबंध नाही. खरी अडचण घरीच आहे. बुद्धाची आई मायादेवी आणि लेकराला लावलेली माया एकीकडे, तर वेदान्तातली भुलवणारी माया, नको त्या मार्गाने जमवलेली माया आणि शिवणीत सोडलेली माया दुसरीकडे. नावाला एवढे अर्थ चिकटलेले पाहून काही आजोबा नाराज होतात, तर मला त्यातच त्याची गोडी वाटते. ज्यांना एकच निश्चित अर्थ हवा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

मुलांच्या नावांत नील सर्वांत आधी पुढे येते, आणि त्यात खुबी अर्थापेक्षा लेखनात आहे. संस्कृत नील म्हणजे गडद निळा. रामायणातल्या सेतुबंधात नळासोबत नीलही आहे. आयरिश-स्कॉटिश नील हे नियाल या जुन्या नावाचे इंग्रजी रूप असून त्याचा अर्थ ‘वीर’ की ‘मेघ’ यावर एकमत नाही. दोघांचे नाते शून्य, पण चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगमुळे हे नाव १९६९ पासून आपल्या कानाला आणखी जवळचे झाले. रोमन लिपीत दोन ई घालून लिहिलेले नील नेदरलँड्समध्ये ‘नेल’ असे वाचले जाते आणि ते तेथे कॉर्नेलिया या स्त्रीनामाचे जुने लघुरूप आहे. एकच आय घालून लिहिले तर इंग्रजी अर्जावर ते ‘निरंक’ होते आणि तुर्कस्तानात मुलीचे नाव होते, कारण तिथे नाईल नदीला निल म्हणतात. एवढ्या लहान नावाला एवढ्या पाटीची गरज पडते, हे निवडणाऱ्याने लक्षात घ्यावे. तरी इंग्रजी मुलुखापुरते पाहिले, तर याच्याइतके बिनतक्रार चालणारे मुलाचे नाव मला दुसरे दिसत नाही.

किरणच्या बाबतीत ध्वनीचे साम्य थेट उलट्या अर्थाला जाऊन भिडते. आपला किरण प्रकाशाचा, तर आयर्लंडमध्ये ज्याला कीरन म्हणतात तो ‘किअर’, म्हणजे काळा-सावळा, या शब्दापासून झालेला, ‘लहानगा सावळा’ अशा अर्थाचा. शॅनन नदीकाठी क्लॉनमॅकनॉइझचा मठ स्थापणारा ६ व्या शतकातील संत याच नावाचा होता. अर्थविरोधाने तिथे कोणाचे काही अडत नाही. अडते ते लिंगाने. महाराष्ट्रात किरण मुलगा आणि मुलगी दोघांचे नाव असते, पण आयर्लंड-ब्रिटनमध्ये ते ऐकताच समोरचा माणूस मुलगाच गृहीत धरतो. तेव्हा मुलासाठी उत्तम, मुलीसाठी कटकटीचे.

समीर ही जोडी मात्र मला या सगळ्यांत सर्वांत देखणी वाटते. संस्कृतात समीर म्हणजे वारा आणि अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पांची सोबत करणारा मित्र. दोन्ही मुळे स्वतंत्र, दोन्ही अर्थ प्रसन्न, आणि महाराष्ट्रात हिंदू व मुस्लिम दोन्ही घरांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या नाही तरी पुरेसे रुळलेले. दुबई किंवा मस्कतला वाढणाऱ्या मुलासाठी याहून सोयीचे काय असेल? याच धर्तीचे कमल मात्र फसवे आहे: रोमन लिपीत संस्कृत कमळ आणि अरबी ‘कमाल’, म्हणजे परिपूर्णता, यांत फरकच उरत नाही, आणि मुलीचे नाव पासपोर्टवर पुरुषाचे होऊन बसते.

इथवरची सहाही नावे योगायोगाने जुळलेली होती. दुसरा मार्ग उघड उसनवारीचा आहे, आणि त्याला आपल्याकडे कमीपणा समजण्याचे कारण नाही. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. हैबतराव, दौलतराव, गुलाबराव यांतली पहिली पदे अरबी-फारसी आहेत आणि ‘राव’ लागताच ती अस्सल गावरान झाली. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने केली: अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा सामाजी, मोझेसचा मुसाजी. गोव्यात होजेच्या पोर्तुगीज रूपाचा ‘जुझे’ झाला, आणि त्या एका नावात हिब्रू, ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज आणि कोंकणी असा सगळा प्रवास सामावला. तिथल्याच आंब्रोजचे तर आपल्याशी रक्ताचे नाते निघते, कारण ग्रीक ‘अम्ब्रोसिओस’ आणि संस्कृत ‘अमृत’ यांचे मूळ एक आहे. अमृता आणि आंब्रोज ही भावंडांची नावे म्हणून कोणी ठेवली, तर मी त्या घराचे मनापासून कौतुक करीन.

उसन्या नावांत जाणून घेण्याची गोष्ट एकच: ते मूळ गावी कोणाचे नाव होते. अनिता हे स्पॅनिश आनाचे लाडके रूप असून ते इतके मराठी झाले आहे, की त्याविषयी शंकाच कोणाला येत नाही. नताशा आणि तान्या ही रशियन घरगुती रूपे आहेत. कागदोपत्री त्या नताल्या आणि तात्याना असतात. पण निकिता रशियात पुरुषाचे नाव आहे, ग्रीक ‘अजिंक्य’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले, आणि सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांचे नाव आठवले की शंका फिटते. मॉस्को किंवा कीव्हशी संबंध येणार असेल, तर मुलीचे नाव निकिता ठेवू नये. पुण्यात राहणार असेल, तर खुशाल ठेवावे. अनिका हे स्वीडनमध्ये आनाचे रूप आहे. त्याला संस्कृत बनवण्यासाठी याद्या देवीचे नाव पुढे करतात, पण ‘अनीक’ या शब्दाचा कोशातला अर्थ सैन्य, सैन्याची आघाडी असा आहे. हा अर्थ आवडत असेल, तर तो ताठ मानेने सांगावा. आर्यन या नावाविषयी जर्मनीत राहणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. आपल्याकडचा ‘आर्य’ सुसंस्कृत माणूस, पण त्या देशात विसाव्या शतकात नाझींनी त्या शब्दावर वंशश्रेष्ठत्वाचे जे ओझे लादले, ते मुलाला आयुष्यभर समजावून सांगत बसावे लागेल.

सध्याच्या याद्यांत अग्रभागी असलेल्या कियारा आणि मायरा यांच्याबद्दल मी सर्वांत कठोर आहे. इटालियन कियारा म्हणजे उजळ, स्वच्छ, तर आयरिश कीरा म्हणजे सावळी. रोमन लेखनात ही दोन्ही इतकी जवळ येतात, की एकाच यादीत दोन्ही अर्थ शेजारी छापलेले आढळतात. मायरा हे तर १६-१७ व्या शतकातील एका इंग्रज कवीने कवितेसाठी घडवलेले नाव आहे. नाव घडवण्यात पाप नाही. पण त्याला ‘संस्कृत’ असा शिक्का मारून विकणे ही फसवणूक आहे. ज्यांना नादच हवा, त्यांनी नादासाठी ठेवावे आणि बारशाला अर्थ विचारणाऱ्या आत्याला तसे सांगावे.

आत्याचा विषय निघालाच आहे, तर नावरसाचाही, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून ठरणाऱ्या आद्याक्षराचाही, विचार करू, कारण अनेक घरांत शेवटचा शब्द पंचांगाचा असतो. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ चरण मिळून १०८ अक्षरे होतात. मीरा आणि माया मघेच्या ‘मी’ आणि ‘मा’ या चरणांत बसतात, तारा स्वातीच्या शेवटच्या चरणात, नील अनुराधेत, किरण मृगाच्या चौथ्या चरणात. अक्षर जुळले नाही, तर जन्मनाव वेगळे ठेवून व्यवहारात आवडीचे नाव वापरण्याची जुनी सोय आहेच, आणि माझ्या मते अक्षरासाठी चांगले नाव सोडण्यापेक्षा ती सोय वापरणे बरे.

कागदपत्रांचे गणित दोन देशांत निराळे आहे. भारतात जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी नाव त्या वेळी ठरलेले नसेल तर ते पुढे १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय लिहिता येते. घाईने ठेवून नंतर बदलण्यापेक्षा हा वेळ घ्यावा. जर्मनीत मात्र मुलाच्या हिताला बाधक वाटणारे नाव नाकारण्याचा नोंदणी कार्यालयाला अधिकार आहे, डेन्मार्कमध्ये मान्य नावांची यादी आहे आणि आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. तेथे जाणाऱ्यांनी नावाचे मूळ आणि लिंग दाखवणारा छापील कोशातला उतारा जवळ ठेवावा; रोमन लेखन जन्मनोंदीत लिहिण्याआधी ते त्या देशातल्या एखाद्या शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि दोन्ही देशांच्या कागदांवर अक्षरन्‌अक्षर तेच राहील अशी खात्री करून मगच सही करावी.