डीपकूल एके ६२० सीपीयू कूलर : थंडीपासून पावसाळ्यापर्यंत नागपुरात वापरल्यावर

आधी सेटअप सांगतो. रायझन ७ ५८००एक्स, पीबीओ (प्रोसेसरला आपोआप जास्त वेगाने चालवणारं ओव्हरक्लॉकचं सेटिंग) चालू, काम मुख्यतः ब्लेंडरमध्ये रेंडरिंग आणि रात्री थोडं गेमिंग. या प्रोसेसरच्या बॉक्समध्ये कूलर येतच नाही आणि हा तापतोही जबरदस्त, कारण आठही कोअर एकाच चिपलेटवर, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच छोट्या तुकड्यावर आहेत, म्हणजे सगळी गरमी नखाएवढ्या जागेतून ओढून काढायची. थंडीत सीताबर्डीतून एके ६२० घेतला (फिन्स म्हणजे पातळ पत्र्यांचे दोन टॉवर आणि दोन फॅनवाला हवेचा कूलर), पाच हजारांच्या आसपास पडला. नॉक्टुआचा डी१५ पण बघितला, उत्तमच आहे तो, पण जवळजवळ दुप्पट पैसे आणि टेम्परेचरमध्ये फरक दोन-चार डिग्रीचा, मला नाही पटलं.

आता नागपूरवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. युट्यूबवरचे रिव्ह्यू एसीच्या खोलीत होतात, तिथले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे येणार नाहीत. कुठलाही कूलर घ्या, असा टॉवर असो की पंपाने पाणी फिरवणारा लिक्विड, तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही, खोली दहा डिग्री वाढली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर चढतो. जानेवारीत खोली २२ होती तेव्हा फुल रेंडरला ८०, मस्त चाललं होतं. मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत डेझर्ट कूलर लावून ३२, आणि तेच रेंडर सरळ ९० ला जाऊन टेकलं. ५८००एक्सची लिमिटच ९० आहे, त्याच्यावर तो स्वतःच क्लॉक म्हणजे वेग पाडतो. दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर पीसी तर चालतो पण डेझर्ट कूलर बंद, मग खोली चाळीसकडे निघते आणि ओव्हरक्लॉकचा काही अर्थच राहत नाही बाप्पा.

म्हणून बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवले. थंडीचं पीबीओवालं, आणि उन्हाळ्याचं ज्यात पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या पॉवरची मर्यादा, ११० वॅट (कंपनीची मूळ १४२ असते) आणि व्होल्टेज कमी करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर मायनस २०. या सेटिंगवर मे महिन्यात त्याच खोलीत ७८-८० राहिलं, रेंडरला थोडासाच जास्त वेळ लागतो आणि गेममध्ये तर मला काहीच फरक दिसला नाही. मायनस २० प्रत्येक चिपला झेपेलच असं नाही, १० पासून सुरू करा, पण नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागायच्या आधी हे करून टाका.

लिक्विड घ्यायचा का असं मित्र विचारून राहिले. माझं मत नाही. पंप गेला की अख्खं युनिट बदला, इथे फॅन गेला तर साधा १२० एमएमचा फॅन कुठेही मिळतो आणि तेवढ्यात दुसऱ्या फॅनवर काम चालतं.

धुळीचं मात्र बघावं लागतं. डेझर्ट कूलरच्या ताट्या नवीन लावल्या की पहिले काही दिवस गवताचा बारीक भुसा हवेतून येतो आणि समोरच्या फॅनमागे फिन्समध्ये पिवळसर थर बसतो, टॉर्च मारली तर पलीकडचं दिसत नाही इतका. पीसी हवेच्या झोतासमोरून बाजूला सरकवा, आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. पावसाळ्यात डेझर्ट कूलरचा काही उपयोग नसतो, पण खोलीच तिशीच्या आत राहते म्हणून जुलैत थंडीचं प्रोफाइल परत लावलं.

आवाज १२०० आरपीएमपर्यंत नाहीच म्हणा, १५०० च्या पुढे घरघर ऐकू येते, पूर्ण १८५० वर हेडफोन लागतो.

बसवताना दोन टॉवरच्या मधला फॅन काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत हात पोहोचत नाही. वजन जवळपास दीड किलो, त्यामुळे पीसी गाडीतून न्यायचा असेल तर कॅबिनेट आडवं ठेवा. उंची १६० एमएम आहे, स्वस्त कॅबिनेटमध्ये साइड पॅनल लागत नाही, आणि रॅम ४३ एमएमपेक्षा उंच असेल तर पुढचा फॅन वर सरकवावा लागतो म्हणजे आणखी उंची लागते. दुकानात जायच्या आधी दोन्ही मापं घेऊन जा.