जेड एम्पायर: काही महिने खेळून झाल्यावर

बायोवेअर कंपनीचा हा व्हिडिओ गेम २००५मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि २००७मध्ये ‘स्पेशल एडिशन’ म्हणून पीसीवर. पीसीवरचा मी पावसाळ्यापासून खेळतोय. मुख्य कथा वीसेक तासांत आटोपते, पण ती संपताच दुसरं पात्र घेऊन पुन्हा सुरुवात केली, कारण लढण्याच्या सगळ्या शैली एका खेपेत हाताळून होतच नाहीत.

त्या काळच्या बऱ्याच आरपीजींमध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेम्समध्ये, तुम्ही फक्त हुकूम द्यायचा, वार लागला की नाही ते गेम ठरवायचा. इथे फटका, बचाव, कोलांटी, सगळं आपल्या बोटांवर. तब्येत, ची (आतली प्राणशक्ती) आणि फोकस (एकाग्रता) अशा तीन पट्ट्या सांभाळायच्या. ची जादूलाही लागते आणि जखमा भरायलाही, तर हत्यार चालवलं की फोकस खर्च होतो. त्यात भुतांवर हत्यार चालत नाही, राक्षसांवर जादू चालत नाही. म्हणजे सगळे गुण एकाच शैलीत ओतून भागत नाही.

माझी आवडती चाल अशी: हेवनली वेव्ह या शैलीने शत्रूची गती मंदावायची, लगेच शैली बदलून लीपिंग टायगर या शैलीचा जोरदार फटका हाणायचा. वेळ साधली की शत्रू जागीच फुटतो. सोबत्यांचंही असंच. एका वेळी एकच बरोबर नेता येतो, आणि तो लढेल की मागे बसून मदत करेल हे आपण ठरवायचं. डॉन स्टार मागे बसून ची भरून देते. हेनपेक्ड हौ दारूचे बुधले पुरवतो, मग आपला गडी झिंगलेल्या शैलीत लढतो! तो प्रकार बघायला तरी हौला एकदा सोबत घ्याच.

कथा टू रिव्हर्सच्या गुरुकुलात सुरू होते. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की कथेतला सगळ्यात मोठा धक्का आपण जे लढायला शिकलो त्यातूनच येतो, आणि दुसऱ्या खेपेला गुरू लींचं साधं बोलणंही कान टवकारून ऐकावंसं वाटतं. गेमसाठी थो फान नावाची भाषा वूल्फ विकली या भाषातज्ज्ञाकडून मुद्दाम घडवून घेतली होती. राजधानीत वाद घालायला उभा असलेला परदेशी जॉन क्लीझच्या आवाजात बोलतो, तो प्रसंग चुकवू नका.

खटकलं ते ‘क्लोज्ड फिस्ट’चं, म्हणजे गेममध्ये आपल्याला निवडता येणाऱ्या दोन नैतिक मार्गांपैकी एकाचं. हा मार्ग म्हणजे दुष्टपणा नव्हे, स्वतःच्या बळावर उभं राहण्याचा विचार आहे, असं सुरुवातीला छान मांडलंय. प्रत्यक्षात त्या बाजूचे बरेचसे पर्याय निव्वळ क्रूर निघतात. टिएन्स लँडिंग या गावात धरणाचा प्रश्न येतो, तिथे हे फार जाणवलं. इतक्या चांगल्या कल्पनेला लेखनाची साथ हवी होती. मधले विमानातून गोळ्या झाडण्याचे टप्पेही कंटाळवाणे आहेत.

चित्रफिती आज धूसर दिसतात, जागा लहान आहेत, दर थोड्या वेळाने लोडिंग येतं. कंट्रोलर असेल तर तोच वापरा, शैली पटापट बदलता येतात. आणि पहिल्या खेपेला सगळ्यात अवघड पातळी घेऊ नका, ती शैली ओळखीच्या झाल्यावरच रंगते.