वायर जोडून येणारे ०६०३ एलईडी: एचओ मॉडेल रेल्वेसाठी घ्यावेत का?

घ्यावेत. मात्र पाकिटातले रेझिस्टर बाजूला ठेवायचे आणि वायर जपायची.

०६०३ एलईडी जेमतेम १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा. त्याच्या दोन्ही टोकांना केसासारखी एनॅमल (म्हणजे वर वीजरोधक लेप असलेली) वायर सोल्डर करणं हे या छंदातलं सर्वात किचकट काम, आणि ते आयतं होऊन मिळतं यातच पैसे वसूल आहेत. एचओच्या १:८७ प्रमाणात या एलईडीची लांबी साधारण १४ सेंटिमीटर भरते. त्यामुळे फलाटावरच्या दिव्याला, डब्याच्या छताला तो शोभतो. इंजिनाच्या छोट्या मार्कर लाइटला किंवा सिग्नलला १ बाय ०.५ मिलिमीटरचा ०४०२ घ्या. बाकी सगळीकडे ०६०३ च बरा, कारण ०४०२ चिमट्यातून उडाला की सापडत नाही.

आता रेझिस्टर. १२ व्होल्टसाठी म्हणून बहुधा १ के (म्हणजे १००० ओहम) देतात. पांढरा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो, उरलेल्या ९ व्होल्टवर १ के लावला की ९ मिलिअँपिअर वाहतात. एलईडी जळत नाही, पण स्टेशन मास्तरच्या खोलीत हॅलोजन लावल्यासारखं दिसतं. ४.७ के लावा, प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आत येतो. रात्रीच्या देखाव्याला १० के सुद्धा पुरतो. पाव वॅटचे सुटे रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतात. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. पाच एलईडी पॅरलल जोडून सगळ्यांना एकच रेझिस्टर दिला, तर एक झगझगीत आणि एक मंद असं होतं, कारण प्रत्येकाचा व्होल्टेज किंचित वेगळा असतो.

खरा कच्चा दुवा म्हणजे वायरचा जोड. जरा ओढ बसली की एलईडीचा पॅडच उखडतो, मग दुरुस्ती नाही. म्हणून एलईडी जागेवर बसवल्यावर ५ मिलिमीटर मागे वायरवर फेव्हिकॉलचा थेंब टाका. खिडकीच्या पारदर्शक प्लॅस्टिकजवळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद वापरू नका, त्याच्या वाफेनं काच पांढुरकी होते. एनॅमल काढायला सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवून टोक वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद धरा. तरी सोल्डर पकडत नसेल तर ब्लेडनं हलकेच खरवडा. लाल वायर म्हणजे प्लस हे गृहीत धरू नका. ३ व्होल्टच्या सीआर२०३२ बटन सेलला लावून आधी तपासा.

इमारतींसाठी वेगळा १२ व्होल्ट डीसी अ‍ॅडॉप्टर ठेवा. दोन मिलिअँपिअरचे शंभर दिवे लावले तरी ०.२ अँपिअरच होतात, म्हणजे १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर भरपूर झाला. हा भार रुळांवर टाकायचं कारण नाही. डब्यातले दिवे मात्र रुळावरूनच चालवावे लागतात, आणि तिथे डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देऊन गाड्या चालवायची पद्धत) असेल तर वीज सतत उलटसुलट होते. पांढऱ्या एलईडीची उलटा व्होल्टेज सोसायची मर्यादा साधारण ५ व्होल्ट, म्हणून आधी वीज एकाच दिशेला वळवणारा ब्रिज रेक्टिफायर हवाच. चाकांवर धूळ बसून दिवे लुकलुकतात. रेक्टिफायरनंतर २५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० ओहम, नाहीतर सुरू करताना ओढल्या जाणाऱ्या झटक्यानं बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डीसीसीचा भाग) शॉर्ट समजून बंद पडू शकतो.

दिवा लागल्यावर अख्खी भिंतच उजळली, तर दोष एलईडीचा नाही, पातळ प्लॅस्टिकचा आहे. आतून आधी काळा, मग पांढरा रंग द्या आणि छताच्या सांध्यात काळी पट्टी लावा. खरेदी करताना वॉर्म व्हाइटच मागा. निळसर पांढरे हाती आलेच, तर टामिया कंपनीच्या एक्स-२६ क्लिअर ऑरेंज या पारदर्शक रंगाचा एक पातळ हात पिवळसरपणा आणतो.