३४ तुंबड्या, ६४,५०० रुपये

गुदद्वाराजवळच्या गळवावर ‘ऑपरेशनशिवाय, एकाच बैठकीत’ इलाज करतो असे सांगणाऱ्या एका भोंदू वैद्याने माझ्याकडून ६४,५०० रुपये उकळले. त्यातले ४८,००० रुपये पू ओढण्याचे आणि १६,५०० रुपये भस्माचे. तुंबडी, म्हणजे दुखऱ्या जागी टेकवून तोंडाने ओढायची नळी, लावून पैसे काढणारी ही टोळी गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसांना गाठते, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे आणि मीही ऐकले होते. पण हे लोक आता चारचौघांत ज्याचे नाव घेता येत नाही अशा दुखण्याच्या रुग्णांकडे वळले आहेत, आणि या दुखण्यात पू खरोखरच असल्यामुळे त्यांचे अधिकच फावते. लाज वाटत असूनही लिहितो आहे, कारण याच लाजेवर त्यांचा धंदा चालतो.

माझे काम पतसंस्थेत हिशेब लिहिण्याचे, म्हणजे दिवसभर बसण्याचे. दुखणे सुरू झाले तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या, गळू दबले आणि काही दिवसांनी पुन्हा भरले. खानापूरहून बेळगावला येणाऱ्या गाडीत जागा रिकामी असूनही मी दांडा धरून उभा होतो, तेव्हा शेजारच्या चांगल्या कपड्यांतल्या माणसाने हळूच विचारले, “काय सर, बसायला होईना झालंय काय?” त्याच्या आईला म्हणे हेच झाले होते, ऑपरेशन करूनही परत आले होते आणि निपाणीकडच्या एका वैद्यांनी तिला बरे केले होते. त्याने काही विकले नाही, काही मागितले नाही, फक्त एक फोन नंबर दिला. अनोळखी माणूस तुमचे दुखणे ओळखून स्वतःहून वैद्याचा नंबर देत असेल, तर तो त्या वैद्याचाच माणूस समजावा.

वैद्य आणि त्याचा मदतनीस घरी आले. आल्या आल्या त्याने सुश्रुताचे नाव घेतले, अष्टमहागद, म्हणजे बरे व्हायला कठीण असे आठ मोठे रोग, म्हणून दाखवले आणि त्यांत भगंदर, म्हणजे गुदमार्गापासून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली पाझरती नळी, कसे येते ते सांगितले. गळवाची वेळीच घाण काढली नाही तर भगंदर होते, हेही त्याने सांगितले, आणि ते खोटे नव्हते. खोट्याला खऱ्याचा असा मुलामा असल्यावर माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला तरी संशय कुठून यावा? त्याच यादीत प्रमेहही आहे, ज्यात आपला मधुमेहही येतो; पण मला साखर आहे का, हे त्या गृहस्थाने एका शब्दाने विचारले नाही. रुग्णाच्या साखरेची चौकशी न करता गळवाला हात लावणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

दर ठरला तुंबडीला, म्हणजे नळीने एकदा ओढण्याला, १,५०० रुपये. “आठ-दहा लागतील, जास्तीत जास्त,” असे तो म्हणाला. मला कुशीवर झोपवून त्याने ब्लेडने लहानसा छेद दिला, पितळी नळीचे रुंद तोंड तिथे टेकवले आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून विड्याच्या पानावर थुंकला. पहिल्या दोन वेळा जे आले ते खरे होते, रक्त मिसळलेले आणि असे दुर्गंधीयुक्त की पत्नीने पदर नाकाला लावला. ठणका तत्काळ कमी झाला. ज्यांना हे दुखणे झाले आहे त्यांनाच त्या क्षणाचा आराम कळेल. त्या वेळी कोणी माझ्या घराची कागदपत्रे मागितली असती तरी मी दिली असती.

तिसऱ्या तुंबडीपासून पानावर पिवळे, दाटसर, हळदीच्या पाण्यासारखे काहीतरी पडू लागले आणि त्याला वास नव्हता. पत्नीने स्पष्ट विचारले, “आता वास कसा येत नाही?” मदतनीस म्हणाला, “वैनी, वरची सडलेली निघाली, ही आतल्या नळीतली हाय.” जे खोलात कोंडलेले आहे ते अधिक सडलेले असणार, हे कोणालाही कळायला हवे, पण मी पत्नीलाच गप्प बसायला सांगितले. अंगात ताप होता, पाठ त्यांच्याकडे होती, पान मला नीट दिसतही नव्हते, आणि मघाशी मिळालेल्या आरामामुळे त्या माणसावर माझा विश्वास बसला होता. तरीही तो प्रश्न आजही माझ्या कानात वाजतो, कारण त्या वेळी थांबलो असतो तर ४,५०० रुपयांच्या आसपास सुटलो असतो. मदतनीस आमच्याच भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने रेघा मारत होता. शेवटी मोजल्या तर ३४ निघाल्या.

५१,००० रुपयांतले ३,००० सोडल्याचा आव आणून त्याने ४८,००० मागितले, आणि नळी आतून सुकण्यासाठी म्हणून १६,५०० रुपयांची भस्माची बरणी गळ्यात मारली. घरात रोख २४,५०० रुपये होते, उरलेले ४०,००० मी २५,००० आणि १५,००० असे दोनदा यूपीआयने पाठवले. खात्यावरचे नाव वैद्याचे नव्हते. पावती मागितली तेव्हा “विद्येची पावती नसते” असे उत्तर मिळाले.

गळू तिसऱ्यांदा भरले तेव्हा ताप उतरेना, आणि बेळगावच्या एका सर्जनने कमरेत भुलीचे इंजेक्शन देऊन ते नीट मोठे उघडले. त्याचे २८,७०० रुपये झाले, पावतीसह. माझी साखर २६८ निघाली. गुदमार्गाच्या भिंतीतल्या बारीक ग्रंथी तुंबतात, त्यात संसर्ग होतो आणि पू बाहेरच्या बाजूला वाट शोधतो. नुसत्या गोळ्यांनी भरलेला पू निघत नाही, त्याला वाट करूनच द्यावी लागते, आणि लहानशा छेदाची तोंडे लगेच मिटतात, असे त्यांनी समजावले. नीट उपचार होऊनही तिघांपैकी एकाला, कधी त्याहूनही जास्त जणांना, पुढे भगंदर होते. माझी जखम अजून थोडी पाझरते आहे, म्हणून आता एमआरआय सांगितला आहे. जे एका बैठकीत ‘मुळासकट’ काढल्याचे पैसे मी दिले, ते भगंदर मुळात आहे की नाही, हेच अजून ठरायचे आहे.

या प्रकारामुळे आयुर्वेदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. क्षारसूत्राचा उपचार खरा आहे, तो आयुर्वेद महाविद्यालयांतले शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रिया, शिकलेले वैद्य करतात. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे २१ लेप दिलेला धागा भगंदराच्या मार्गातून ओवून साधारण दर आठवड्याला बदलतात, आणि मार्ग हळूहळू कापत व भरत जातो. यात तुंबडी नसते, थेंबाचा किंवा तुंबडीचा दर नसतो, आणि ‘आजच्या आज’ तर मुळीच नसते.

आता सरकारी दारांविषयी. पहिल्या ठाण्यात मराठी अर्ज पाहताच कन्नडमध्ये आणा म्हणाले. टायपिस्टला १५० रुपये देऊन कन्नडमध्ये नेला, तेव्हा वाचणाऱ्या साहेबांना ‘कुठे दुखत होते’ यातच अधिक रस दिसला आणि बाकावरचे दोघे हसले. मग निर्णय असा, की पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, आणि नंबर कोल्हापूर जिल्ह्यातला दिसतो तर तिकडे जा. तिकडे गेलो तर गुन्हा कर्नाटकात घडला, आमची हद्द नाही! सीमेवर राहणाऱ्या माणसाला कर देताना हद्द लागत नाही, फसवले गेल्यावर मात्र दोन राज्यांच्या हद्दी एकदम आठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते दाखवले तर “कायदा आम्हाला शिकवू नका” असे ऐकावे लागले. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार घेतली, पण उशीर झाल्यामुळे खात्यात काही उरले नव्हते; म्हणून पैसे गेल्याची शंका येताच, लाज बाजूला ठेवून, त्याच तासाला तिथे फोन करावा.

सर्वांत संतापजनक उत्तर आरोग्य कार्यालयाचे. कर्नाटकात २००७ च्या कायद्याने प्रत्येक खासगी दवाखान्याला नोंदणी लागते आणि तिचा दाखला दर्शनी भागात लावावा लागतो. माझ्या वैद्याचा दवाखानाच नाही, तेव्हा तपासणी कशाची करायची, असे मलाच विचारण्यात आले. म्हणजे बोर्ड लावून बसलेला बिचारा तपासणीत सापडतो, आणि नळी खिशात घालून दारोदार फिरणारा कायद्याच्या बाहेर!

ठाण्याने नोंद नाकारली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी रजिस्टर टपालाने पाठवली आहे, पोच आली आहे, पुढे काही नाही. ज्यांच्याकडे असा माणूस येऊन गेला असेल त्यांनी यूपीआयचे व्यवहार क्रमांक, फोनमधले नंबर आणि उरलेली भस्माची बरणी फेकून देऊ नये. आमची बरणी आणि रेघा मारलेले कॅलेंडरचे पान मी अर्जाच्या प्रतीसोबत कपाटात ठेवले आहे, आणि अधीक्षकांना दुसरे पत्र या आठवड्यात जाईल, या वेळी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत.