बर्फाचं टब आणि वाया गेलेला तास: मेरीलँड व यूएससी

२९ मे २०१८ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सरावात १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर ११० यार्डांच्या फेऱ्या धावत होता. शेवटच्या फेरीला सहकाऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. हा उष्माघात होता. त्यावरचा उपाय साधा आहे: बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये खेळाडूला मानेपर्यंत बुडवायचं, आधी अंग थंड करायचं आणि मगच दवाखाना गाठायचा. टबची सोय असूनही त्याला त्यात घातलं नाही, आणि रुग्णवाहिका बोलवायला तासाहून जास्त वेळ गेला. १३ जूनला तो वारला.

दुसरीकडे, २४ जुलै २०२३ रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससीत (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) बास्केटबॉलच्या सरावादरम्यान ब्रॉनी जेम्सचं हृदय बंद पडलं. संघाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी लगेच उपचार सुरू केले. तीन दिवसांत तो घरी आला आणि डिसेंबरात पुन्हा मैदानात उतरला. तो प्रसिद्ध बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचा मुलगा म्हणून वाचला असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. अशा वेळी हातात मिनिटंच असतात, आणि ती जवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसाच्याच कामी येतात.

मेरीलँड विद्यापीठाच्या अध्यक्षांनी २०१८च्या ऑगस्टमध्ये जॉर्डनच्या मृत्यूची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी उघडपणे स्वीकारली, हे मी त्यांच्या बाजूने धरते. पण मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना काढायला ३१ ऑक्टोबर उजाडला, तोही आदल्या दिवशी त्यांना परत रुजू करून घेतल्यावर. त्या एका दिवसात जॉर्डनच्या आईवडिलांनी काय सोसलं असेल!