वादळात पडलेल्या फणसाचं वर्कबेंच: १८ महिन्यांच्या वापरानंतर

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागचा फणस मुळासकट आडवा झाला. माड-पोफळी एवढ्या गेल्या होत्या की फणसाकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. मी पंप दुरुस्ती आणि मोटर रिवाइंडिंग करतो. तोपर्यंत माझं टेबल म्हणजे दोन पिंपांवर टाकलेलं जुनं दार. साठ किलोची मोटर ठेवली की ते कुरकुरायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. फणस, आंबा, चिंच, साग ही सगळी १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. आपल्या परड्यातलं आणि आपोआप पडलेलं असलं तरी करवत लावण्याआधी विचारून घ्या.

चिरकाम केलं जानेवारी २०२१मध्ये. ५८ सीसीचा चेनसॉ आणि त्याला बसणारा मिलचा सांगाडा, म्हणजे ओंडक्याच्या सारख्या जाडीच्या फळ्या काढता याव्यात म्हणून करवत धरून ठेवणारी चौकट, घेतला. साखळ्या, पेट्रोल, ऑइल धरून २३ हजारांच्या आसपास गेले. पहिल्या कापाला ओंडक्यावर अ‍ॅल्युमिनियमची शिडी बांधली, तिच्यावरून सांगाडा सरकवला. पुढचे काप आधीच्या सपाट अंगावरून. नेहमीच्या साखळीचे दात ३० अंशांत घासलेले असतात, ते आडव्या कापासाठी. लांबीत चिरायचं तर १० अंश लागतात. हे मला दोन फळ्या लाटांसारख्या निघाल्यावर कळलं. अठरा इंच रुंद कापाला ५८ सीसी कमीच पडतं. सात फुटांचा एक काप वीस-पंचवीस मिनिटं चालायचा, मधे मशीन गार करायला थांबायचं ते वेगळं.

फणस म्हटल्यावर चीक आलाच. सालीतला चीक आणि भुसा मिळून साखळीवर खळ चढायची, मग रॉकेलने धुणं. हातांना आधी खोबरेल, गरे काढताना लावतो तसंच. गाभ्याचा भुसा हळदीसारखा पिवळा, तो घामाबरोबर बनियनमध्ये मुरला तो आजतागायत निघालेला नाही. बायको ती बनियनं दोरीवर मागच्या बाजूला वाळत घालते.

आता खरं काम, म्हणजे सुकवणं. फळ्या सव्वादोन इंची काढल्या होत्या. टोकांना ऑइलपेंट फासला, मांगरात, म्हणजे शेडमध्ये, रिपांचे तुकडे मधे घालून थप्पी लावली, वर जांभे दगड ठेवले. इंचाला वर्ष असा ढोबळ हिशेब सांगतात, त्याप्रमाणे दोन वर्षांवर गेलो. तरी आमचे सुतारकाका येऊन फळीवर बोटाने टकटक करून म्हणाले, "सुकली म्हणतोस, पण कामाला लागल्यावर पाऊस बघितलान का तिने?" मी हसण्यावारी नेलं.

बेंच मार्च २०२३मध्ये उभं केलं. साडेसहा फूट लांब, २८ इंच रुंद, उंची ३४ इंच. वर रंधून दोन इंचांवर आलेल्या तीन फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, खाली चार बाय चारचे पाय, कुसू (खाचेत बसणारं टोक) घालून पाचर मारलेले. फळ्या मी खालच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टने गच्च आवळल्या, आणि तिथेच फसलो. एप्रिलमध्ये मीटर १३ टक्के ओल दाखवत होता, ऑगस्टमध्ये १९. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. फुगायला जागाच नव्हती, त्यामुळे टेबल मधोमध वर आलं. सरळ पट्टी आडवी ठेवली तर दोन्ही कडांना दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट. मोटरचा शाफ्ट ठेवला की गडगडत कडेला.

काकांनी येऊन काही बोलणं टाळलं, नुसती पटाशी मागितली. मधला बोल्ट तसाच ठेवून कडेच्या पट्टीतली भोकं त्यांनी आडवी लांबट केली आणि मोठे वॉशर घातले. दिवाळीनंतर टेबल बसलं. यंदाच्या पावसात कडा सरकल्या, पण पाठ सपाट राहिली.

बाकी फणसाबद्दल तक्रार नाही. वरचा पिवळा रंग वर्षभरात गुळासारखा झाला, फक्त ज्या जागी पत्र्याचा डबा कायम असतो तिथे अजून पिवळा चौकोन आहे. स्टेटरमधून, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागातून, जुनी वायर हातोडी-छिन्नीने तोडतो, त्याचे घाव पडतात, पण लाकूड फुटत नाही. वॉर्निशचे डाग खरवडून काढता येतात. वर्षातून दोनदा अळशीचं तेल लावतो. पायांना खाली डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल, पाजलं होतं. जमीन शेणाची असूनही वाळवी चढलेली नाही. डिंबेल लावताना हातमोजे घाला, कातडी सोलवटते. शेगडा, म्हणजे पाइप वगैरे पकडायचा व्हाइस, बसवला त्या टोकाला मात्र खाली जाड फळी जोडायला हवी होती. मोठा पाइप पकडून जोर लावला की टेबलाचा तो कोपरा हलतो.

त्याच वादळातल्या आंब्याच्या फळ्यांचं हत्यारांचं कपाट केलं होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. फणसाचा गाभा होता, त्याच्या फळ्यांना किडीसाठी काही केलं नव्हतं तरी चाललं, म्हणून आंब्यालाही कीड लागू नये म्हणून लावतात ते बोरिक-बोरॅक्सचं पाणी न लावता तसाच वापरला. सहाव्या महिन्यात खणांत पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. टाचणीने टोचल्यासारखी भोकं, आणि स्पॅनर काढावा तर अंगठ्याखाली फळी दबते. कपाट बंबात गेलं.

फणसाच्या अजून दोन फळ्या मांगरात आहेत, त्या पहिल्या दिवशीच्या लाटांसारख्या निघालेल्या. त्यांच्यातली बरी बघून शेगड्याखाली लावायची आहे. काका म्हणतात, श्रावण संपल्याशिवाय रंध्याला हात लावू नको.