मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय: स्टेशनांचा माग काढणाऱ्यांसाठी

माझे आजोबा, आईचे वडील, नागपूर-नागभीड छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, सांधेवाले (गाडीसाठी रूळ बदलून देणारे) होते. त्यामुळे नागपुरात कडबी चौकाजवळच्या या संग्रहालयात मी आईला घेऊन गेले ती इंजिनांपेक्षा स्टेशनांच्या ओढीनं.

मुलांना टॉय ट्रेन पुरेशी आहे. आम्ही मात्र आत रमलो. २००२ पासून इथे छोट्या लाइनीचं सामान जपलं आहे: इंजिन, डबे, टेलिफोन, कंदील, तिकिटं. अडीच फूट अंतरावरच्या रुळांचं हे जाळं बंगाल नागपूर रेल्वे या ब्रिटिशकालीन कंपनीचं. छिंदवाड्याची गाडी २०१५ मध्ये थांबली, १९०८ ची आमची नागभीड लाइन २०१९ मध्ये, दोन्ही ब्रॉडगेजसाठी, म्हणजे रुंद लाइन टाकायला.

जाड पुठ्ठ्याच्या तिकिटांपाशी आई खिळलीच. जेमतेम सव्वादोन इंच लांब. "हे पाह्य, तारीख अशी ठोकत," म्हणत तिनं तळहातावर मूठ आपटली. कंदिलासमोर तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबांच्या कंदिलाची काच मीच पुसायची, चुलीतल्या राखेनं."

जुन्या स्टेशनांचा इतिहास शोधणाऱ्यांनी इथून निघून थेट लाइनीवर जावं, कारण खरी कागदपत्रं तिथे उभी आहेत. नावांचंच बघा. आपण नागभीड म्हणतो, रेल्वेच्या इंग्रजीत मात्र नागभीर. ब्रिटिशांच्या गॅझेटियरात, म्हणजे प्रदेशाची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात, उमरेडचंही 'उमरेर' झालं आहे. आपला 'ड' त्यांनी 'ड़' (हिंदीतला, 'र'च्या जवळचा) ऐकला आणि 'आर' लिहिला. ते स्पेलिंग शंभर वर्षं टिकलं. दुसरी खूण जुन्या रुळांची. स्टेशनांवर कुंपणाला किंवा शेडला खांब म्हणून रूळ उभे करत. त्यांच्या कडेवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. गंजावर खडू आडवा फिरवला की अक्षरं वर येतात. पण तो रूळ आधी दुसरीकडे वापरलेला असू शकतो, म्हणून त्या सालाला इमारतीचं साल समजू नये.

आजोबांच्या स्टेशनाची पाटी कुठे गेली, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. त्याचं फार वाईट वाटतं. म्हणूनच इथला एकेक कंदील मला मोलाचा वाटतो.

दोन तास हाताशी ठेवा, आणि घरात कुणी रेल्वेतलं म्हातारं माणूस असेल तर सोबत न्या. आम्ही पुढच्या रविवारी खडू घेऊन उमरेडला जातोय.